आजोबांच्या वहीत डॉलर कुठून आले? (साखळी, गोवा, १९५९ ची कीर्द)

माळ्यावरचो_उंदीर

नमस्कार मंडळी. चवथीच्या आधी घर झाडताना माळ्यावर आजोबांच्या दुकानाच्या वह्या सापडल्या. लाल बासनात बांधलेल्या, कडा वाळवीने खाल्ल्यात पण आतलं बरंच शाबूत आहे. आजोबांचं साखळीच्या बाजारात किराणा-भुसार होतं, मी जन्मायच्या आधीच बंद झालं त्यामुळे विचारायला घरात कोणी नाही, बाबा तेव्हा पाळण्यात होते.

तर प्रश्न असा की एकच गिऱ्हाईक आहे, नाव नाही लिहिलेलं, नुसतं "वरचे वाड्यावरचे". १९५७ च्या वहीत त्यांच्या नावे खोबरं ६॥ असं आहे, म्हणजे साडेसहा, एवढं मला कळतं. १९५९ च्या वहीत तेच खोबरं, तेवढंच वजन, आणि समोर ३९$००. हो, मधोमध चक्क डॉलरची खूण, आजोबांनी दोन उभ्या रेघा मारून नीट काढलीय. आणि १९६२ च्या शेवटी परत तेच खोबरं ६-५०. म्हणजे भाव एकदम सहापट वाढला आणि परत उतरला की काय? आजोबा डॉलरमध्ये धंदा करत होते म्हणावं तर आम्ही अजून पत्र्याच्या घरात का राहतो हा माझा पुढचा प्रश्न 😀

वह्यांबरोबर बिस्किटाच्या डब्यात नाणी पण आहेत. त्यात एक ६० चं आहे, एक ३० चं, आणि एक ६ चं. जगात कोणी ६० चं नाणं काढतं का? १०, २०, ५० कळतं, पण ३० नि ६०? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खाजन_बांध

डॉलर नाही रे बाबा. ती एस्कुदोची खूण. पोर्तुगीज लोक आकड्याच्या मधे ती खूण घालायचे, आपण दशांश चिन्ह घालतो तिथे. ३९$०० म्हणजे ३९ एस्कुदो ०० सेंताव. १९५८ साली इथला जुना रुपया, म्हणजे त्यांची रुपिया, बंद करून एस्कुदो आणला आणि दर ठरला एका रुपयाला सहा एस्कुदो. साडेसहा गुणिले सहा किती? एकोणचाळीस. भाव जागच्या जागी आहे, खोबरं हललेलं नाही. पत्र्याच्या घराचं मात्र मला माहीत नाही.

अडीचकी_पाठ

वरचं उत्तर बरोबर आहे, पण खरी गंमत त्या ६॥ मध्ये आहे आणि तिकडे कोणी बघत नाही म्हणून जरा लांबण लावतो, मी निवृत्त गणित मास्तर, सवय जात नाही.

६॥ मधल्या त्या दोन रेघा म्हणजे अर्धा. एक रेघ पाव, तीन रेघा पाऊण. आपला जुना सगळा हिशोब चारावर चालायचा. रुपयाच्या चार पावल्या, पावलीचे चार आणे, आण्याचे चार पैसे. चार चोक सोळा आणि सोळा चोक चौसष्ट. म्हणजे आपले व्यापारी नकळत चारच्या पद्धतीत मोजत होते आणि रेघा मारून लिहीत होते, त्यात दशांश चिन्हाची गरजच नव्हती. निम्मं कर, परत निम्मं कर, सहा वेळा निम्मं करता येतं, अगदी एका पैशापर्यंत, कुठे अपूर्णांक येत नाही. शंभराचं निम्मं पन्नास, त्याचं पंचवीस, आणि तिसऱ्यांदा निम्मं करायला गेलात की साडेबारा, गाडी अडली. पंतोजी पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घ्यायचे ते उगाच नाही, बाजारात गेलं की त्याच वेळी लागायचं.

आता गोव्याचं वेगळेपण. ब्रिटिश मुलखात रुपयाचे १६ आणे नि १९२ पै. इथे रुपियाचे १६ तांगा आणि एका तांग्याचे ६० रेइस, म्हणजे रुपियाचे ९६० रेइस. (तांगा म्हणजे घोड्याचा नव्हे, आपल्या "टंका"वरून आलेला शब्द.) त्याच्याही आधी, १८७१ च्या अगोदर, रुपिया ६०० रेइसची नि १० तांग्यांची होती, आणि तिच्यात दोन शेराफिन (हेही एक जुनं नाणं). गंमत बघा, दहाची वाटणी हातात होती ती सोडून १८७१ ला सोळावर गेले, कारण शेजारचा ब्रिटिश रुपया सोळा आण्यांचा आणि सगळा व्यापार घाटावर नि मुंबईला. खुद्द पोर्तुगालने मात्र राजा गेल्यावर १९११ मध्ये एस्कुदो आणला, हजार रेइसचा एक, शंभर सेंतावांचा. म्हणजे लिस्बन दशमान झालं आणि गोवा पुढची सत्तेचाळीस वर्षं सोळावरच बसून राहिला.

बरं, सहाच का? आकाशातून पडलेला आकडा नाही. तेव्हा डॉलरला आपला रुपया ४.७६ होता आणि पोर्तुगीज एस्कुदो २८.७५. भागून बघा, ६.०४ येतं. गोव्याचा एस्कुदो पोर्तुगालच्या एस्कुदोइतक्याच किमतीचा ठेवला आणि रुपिया भारतीय रुपयाच्या बरोबरीची होती, म्हणून सहा. वरचं शून्य-चार टाकून दिलं की झालं.

आता तुमचं ६० चं नाणं. रुपियाचे सहा एस्कुदो म्हणजे ६०० सेंताव. त्याचा दहावा भाग ६०, विसावा ३०. भारतात १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नये पैसे झाले होते. म्हणजे ६० सेंताव = १० नये पैसे, ३० सेंताव = ५ नये पैसे, ३ एस्कुदो = आठ आणे, ६ एस्कुदो = रुपया. नाव एस्कुदो, अंगात रुपया. नोटांचंही तेच, १९५९ च्या नोटा बघा, ३०, ६०, ३००, ६००. म्हणजे पाच, दहा, पन्नास, शंभर रुपये. फक्त १०० नि १००० च्या नोटा शुद्ध लिस्बनच्या हिशोबातल्या, १०० एस्कुदो म्हणजे १६ रुपये १० आणे ८ पै. ही नोट घेऊन कोण बाजारात गेला असेल तर त्याचे हाल विचारू नका.

माझं मत असं की ज्याने ही नाणी ठरवली त्याला पक्कं माहीत होतं की गोंयकार डोक्यात रुपयाच मोजणार.

शुक्रवारचो_बाजार

मास्तर, शंभर टक्के. मी तेव्हा म्हापशाला तिसरीत होते, आता पंचाहत्तरी झाली. आम्ही तांगा सुद्धा म्हणत नव्हतो हो, घरी आणाच. पाव आणा, अर्धा आणा. एस्कुदो आला तेव्हा शुक्रवारच्या बाजारात नुसता गोंधळ. काष्ट्यातली म्हातारी बाजारकान्न मिरच्या घेऊन बसायची ती बोटांवर मोजायची, तिच्यासमोर कोणी एक एस्कुदो टाकला की ती विचारायची "हाचे कितले?" आणि कोणालाच सांगता यायचं नाही. कारण एका एस्कुदोचे दोन तांगा नि वर चाळीस रेइस. आता हे मिरचीत कसं बसवायचं? मग ती एस्कुदो बाजूला ठेवायची, दुसरा कोणी दोन द्यायचा, असे तीन जमले की "हें आठ आणे" म्हणून पदराच्या गाठीत बांधायची. तीनाचा पुंजका झाल्याशिवाय तिच्या लेखी ते पैसेच नव्हते. माझे वडील पोस्टात जायचे तिथे जुन्याच तिकिटांवर नवीन किंमत काळ्या शाईने छापून यायची, जुना चेहरा खाली आणि वर सेंताव.

आणि मग १९ डिसेंबर १९६१, पोर्तुगीज राज्य संपलं. शाळा बंद, विमानं, सगळं झालं, आणि थोड्या दिवसांनी नये पैसे हातात आले. मला आठवतं ते पाच पैशाचं चौकोनी नाणं. आम्हा पोरांना ते भारी आवडायचं कारण घरंगळत जात नाही. दोनाचं नि दहाचं झालरीच्या कडेचं. आजी म्हणायची ह्या नाण्यांना उंदरान कुरतडलां. तोवर जेमतेम एस्कुदो पाठ झाला होता, सहाचा पाढा घरात सगळ्यांना येत होता, तो सोडून परत शंभराचा. माझ्या आईने मरेपर्यंत पंचवीस पैशाला चार आणे नि पन्नासला आठ आणेच म्हटलं. मी पण म्हणते.

बांदा_चेकपोस्ट

आमचं घर बांद्याला, म्हणजे हद्दीच्या पलीकडे, आमच्याकडे हे १९५७ लाच होऊन गेलं होतं म्हणून दोन शब्द. लोक म्हणतात दशमान सोपं, हो पण बदलाच्या वेळी कोणाच्या खिशातून गेलं ते बघा. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. सरकारी कोष्टकात आणा = ६, दोन आणे = १२, तीन आणे = १९, चार आणे = २५. आता सुटा एकेक आणा नेऊन दिला तर सोळा सक शहाण्णव, चार पैसे गेले. एकदम सोळा आणे नेले तर शंभर. माझे चुलत आजोबा चहाचं दुकान चालवायचे, ते सांगायचे की तेव्हा शहाणी माणसं आणे एकेक करून कधी बदलत नव्हती, चाराचा गठ्ठा करूनच. म्हणजे वरच्या ताईंच्या मिरचीवालीने तीनाचा पुंजका केला तेच, फक्त इकडे चाराचा.

आणि खरा मार पैशावर. जुना पैसा म्हणजे दीड नया पैसा आणि वर थोडं. ज्या वस्तूला एक पैसा पडायचा तिला दुकानदार एक नया घेईल की दोन? अर्थात दोन! चौसष्ट पैशाच्या शेंगदाण्यांचे एकशेअठ्ठावीस झाले. सव्वा रुपयाच्या वर. हे कोणी महागाईत धरलं नाही.

खाजन_बांध

@बांदा_चेकपोस्ट पण जुने आणे लगेच बंद नव्हते ना केले, काही वर्षं दोन्ही चालत होती. मग बदलायची घाई कोणाला होती? जुनं देऊन जुन्या भावात घ्या.

बांदा_चेकपोस्ट

चालत होती म्हणूनच जास्त लफडं. गिऱ्हाईक आण्यात देणार, सुटे नव्या पैशात परत येणार, त्या मधल्या पाव-अर्ध्या पैशाचा हिशोब कोण ठेवतो. चुलत आजोबांनी दुकानात एक बरणी ठेवली होती गोळ्यांची, सुट्याच्या जागी गोळी. आता मॉलमध्ये चॉकलेट देतात आणि लोक वैतागतात, हे सत्तावन्न सालापासून चालू आहे.

अडीचकी_पाठ

बांदेकर, तुमचा मुद्दा मान्य, आणि गोव्यात तर त्याहून अवघड होतं ते सांगायचं राहिलं. तांगा म्हणजे साडेसदतीस सेंताव. दोन तांगा पंचाहत्तर. आता सगळ्यात लहान नाणं १० सेंताव, पाचाचं नाणंच काढलेलं नाही. म्हणजे दोन आण्याची वस्तू घेतलीत तर ७५ सेंताव देणं अशक्यच, ७० द्या नाहीतर ८० द्या. एक आण्याची वस्तू घेतली तर ३० + १० करून ४०. सोळा वेळा ४० म्हणजे ६४०, रुपयामागे चाळीस सेंताव दुकानदाराचे, शंभराला जवळजवळ पावणेसात टक्के. पैशाच्या वस्तूला दहा सेंताव घेतले तरी तेच येतं, करून बघा, चौसष्ट दाहे सहाशेचाळीस.

चार आण्याला मात्र चोख. १$५०, म्हणजे ६० + ६० + ३०. तिथे एकही सेंताव इकडे तिकडे नाही. म्हणून मी म्हणतो पावली हीच नाणी जोडणारी खरी कडी, भारतात पंचवीस पैसे नि गोव्यात दीड एस्कुदो, दोन्हीकडे तीच एक जागा जिथे जुनं नि नवं बरोबर बसतं. तुमच्या आजोबांच्या वहीत माल बहुतेक पावली, अधेली, रुपयात लिहिलेला असेल, आण्यात कमी. बघून सांगा.

आणि हो, डब्यातली नाणी कृपा करून घासू नका. १० नि ३० सेंतावची तांब्याच्या रंगाची असतात, त्यांच्यावरचा काळपट थर तसाच राहू द्या.

पाटो_पुलाखाली

लंडनमध्ये असलेल्या गोंयकारांचं दुःख पण ऐका. माझा मावसा सत्तर सालाच्या आसपास तिकडे गेला. गोव्यात लहानपणी रुपिया-तांगा शिकला, मग एस्कुदो शिकला, मग नये पैसे, तिकडे गेला तर पौंडाचे २० शिलिंग नि शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे २४०. ते जमेपर्यंत १५ फेब्रुवारी १९७१ उजाडला आणि त्यांनी पण पौंडाचे १०० पेनी केले. एकाच माणसाने पाच वेळा पैसे मोजायला शिकायचं म्हणजे काय. तिथले म्हातारे दुकानात "खऱ्या पैशात किती?" विचारायचे म्हणे, आणि ह्याला मनातल्या मनात हसू यायचं कारण ह्याची आजी म्हापशात हेच विचारत होती. सहा पेन्सचं जुनं नाणं तर त्यांनी अडीच नव्या पेनीला म्हणून १९८० पर्यंत चालवलं, लोक सोडायलाच तयार नव्हते.

सिलोनने हे सगळं १८७२ लाच उरकून घेतलं होतं, रुपयाचे शंभर सेंट. आपल्या सगळ्यांच्या आधी. त्याबद्दल कोणी बोलत नाही.

माळ्यावरचो_उंदीर

अरे बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, मास्तर तुमचे विशेष. काल रात्री परत वह्या काढून बसलो.

आधी वाईट बातमी. नाणी घासू नका हे वाचेपर्यंत आईने आमसुलाचं पाणी आणि राख लावून सगळी लख्ख केली होती, आता ती देव्हाऱ्यात ताम्हणाशेजारी चमकतायत. आईला सांगितलं तर म्हणाली इतकी वर्षं काळी होती तेव्हा कोण विचारत होतं.

आता वही. मास्तरांनी सांगितलं ते खरं निघालं, पण थोडं वेगळ्या तऱ्हेने. १९५९ च्या वहीच्या पहिल्या पानावर "श्री" च्या खाली आजोबांनी स्वतःच एक कोष्टक केलंय. डावीकडे रेघा, उजवीकडे सेंताव. एका रेघेसमोर १$५०, दोनासमोर ३$००, तीनासमोर ४$५०. त्याच्या खाली एक आणा लिहून समोर ३७ लिहिलंय, खोडून ३८ केलंय, ते पण खोडून ४० केलंय आणि ४० ला गोल केलाय. म्हणजे विचार करून चाळीस घेतले. माझ्या सोज्वळ आजोबांनी. दुसरं म्हणजे वहीभर मोठी रक्कम लिहिताना आधी मार्जिनमध्ये बारीक पेन्सिलीने जुनाच आकडा आहे, नारळ शेकडा २२, आणि मग शाईने १३२$००. म्हणजे भाव रुपयात ठरायचा, लिहायचा एस्कुदोत. १९६२ पासून पेन्सिलीचा आकडा गायब.

शुक्रवारचो_बाजार

चाळीस घेतले म्हणून आजोबांना बोल लावू नकोस पुता. पाच सेंताव नव्हतेच तर त्यांनी द्यायचे कुठून. आणि उधारी पण त्यांनीच सोसली असणार, त्या काळात भुसारवाल्याची अर्धी वही उधारीचीच.

बांदा_चेकपोस्ट

ताई दुकानदाराच्या घरातल्या दिसतात 😄

शुक्रवारचो_बाजार

सासर. कापडाचं.

माळ्यावरचो_उंदीर

ताईंनी उधारी म्हटल्यावर परत चाळली. अहो ते "वरचे वाड्यावरचे" आठवतात ना, खोबऱ्यावाले? त्यांच्या खात्यावर १९६१ च्या वहीत शेवटी बाकी १$५० आहे. चोख पावली, मास्तर! पुढच्या वहीत ती ०-२५ म्हणून पुढे ओढलीय, त्याच्या पुढच्या वहीत पण ०-२५, आणि मग खातं संपतं. जमा कुठेच नाही.

वाडा अजून आहे, त्यांचा नातू माझ्याबरोबर शाळेत होता. काल संध्याकाळी तिठ्यावर भेटला तेव्हा वहीचा फोटो दाखवला. त्याने नीट वाचला, मोबाईल परत दिला आणि म्हणाला चार आणे तर २०११ पासून चालतच नाहीत, पन्नास पैसे अजून चालतात, ते देतो, पण मग पंचवीस तू परत दे.

अडीचकी_पाठ

त्याला सांगा ६० + ६० + ३० घेऊन येऊ दे. घासलेली चालतील.